कचऱ्याचे टन आणि हजेरीचे टक्के: काळानुसार बदलणारे आकडे शब्दांत कसे मांडावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपन्यांचे पर्यावरण अहवाल लिहिणारे, शाळांचे वार्षिक अहवाल तयार करणारे आणि परीक्षेसाठी आलेखवर्णनाचा सराव करणारे, अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांकडून साधारण हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. दोन विषय एकत्र घेण्याचं कारण सोपं आहे. कचरा बहुधा टनांत येतो आणि हजेरी टक्क्यांत, त्यामुळे आकडे मांडताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या दोघांत मिळून सापडतात. उदाहरणांतले आकडे सरावासाठी बनवलेले आहेत. जिथे खरी माहिती दिली आहे तिथे तसं स्पष्ट कळेल.

१. माझ्याकडे दोनच वर्षांचे आकडे आहेत. त्याला कल म्हणता येईल का?

नाही, त्याला फरक म्हणा. गेल्या वर्षी हजेरी ८८ टक्के होती आणि यंदा ९१ असेल, तर ‘हजेरी ३ टक्केबिंदूंनी वाढली’ एवढंच खरं (टक्केबिंदू म्हणजे दोन टक्केवारींची नुसती वजाबाकी, प्रश्न ४ पाहा). ‘हजेरी वाढते आहे’ म्हणायला आणखी काही वर्षं हवीत. कारण दरवर्षी दोन-तीन बिंदू इकडेतिकडे होणं हा त्या शाळेचा नेहमीचाच हेलकावा असू शकतो. किती वर्षं पुरेत याचा ठराविक आकडा नाही. मी स्वतः पाचपेक्षा कमी वर्षांचे आकडे असतील तर ‘कल’ हा शब्द टाळतो.

२. आलेख समोर आहे, पण पहिलं वाक्यच सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

पहिल्या वर्षापासून एकेक आकडा वाचत सुटू नका. आधी शेवट बघा, मग सुरुवात आणि मग मधलं. हा तक्ता घ्या (वार्षिक कचरा, टनांत):

| वर्ष | कंपनी अ | कंपनी ब | कंपनी क |
|---|---|---|---|
| २०११ | १२० | ८० | ४० |
| २०१३ | ११२ | ८४ | ४७ |
| २०१५ | ९६ | ९१ | ५८ |
| २०१७ | ९० | ७८ | ६९ |
| २०१९ | ८४ | ८० | ७८ |

आमच्याकडे येणारा नेहमीचा मसुदा असा असतो: ‘२०११ मध्ये अ कंपनीचा कचरा १२० टन होता. २०१३ मध्ये तो ११२ टन झाला. २०१५ मध्ये तो ९६ टन झाला…’ यात चूक एकही नाही, पण वाचणाऱ्याला तक्त्यापेक्षा जास्त काहीच मिळत नाही.

आता हे वाचा: ‘२०११ ते २०१९ या काळात तिन्ही कंपन्या एकमेकींच्या जवळ आल्या. अ कंपनीचा कचरा १२० टनांवरून ८४ टनांवर उतरला, क कंपनीचा ४० टनांवरून ७८ टनांवर गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. ब कंपनीने २०१५ मध्ये ९१ टन गाठले, पण शेवटी ती पुन्हा ८० टनांवरच आली. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी कचरा यांतलं अंतर ८० टनांवरून ६ टनांवर आलं. एकूण कचरा मात्र जवळपास तेवढाच राहिला: आधी २४० टन, नंतर २४२.’

शेवटची दोन वाक्यं तक्त्यात कुठेच छापलेली नाहीत. ती शोधून काढण्यासाठीच तर वर्णन लिहायचं असतं.

३. ‘२० टनांनी घटला’ आणि ‘२० टनांवर घटला’ यात एवढा काय फरक आहे?

आकाशपाताळाचा. ८० टन कचरा २० टनांनी घटला तर ६० उरला, २० टनांवर आला तर २०च उरला. ‘-नी’ फरक सांगतो, ‘-वर’ मुक्कामाचं ठिकाण सांगतो. अहवालाच्या घाईत हा एक प्रत्यय हमखास चुकतो, आणि शुद्धलेखन तपासणारा तो पकडू शकत नाही, कारण दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध असतात. शक्य तिथे दोन्ही टोकं लिहा: ‘८० टनांवरून ६० टनांवर आला’. मग शंकेला जागाच राहत नाही.

गंमत म्हणजे ‘निम्म्याने घटला’ आणि ‘निम्म्यावर आला’ यांचा अर्थ एकच होतो. बाकी कुठल्याही अपूर्णांकाला ही सवलत नाही. ‘एक तृतीयांशाने घटला’ म्हणजे दोन तृतीयांश उरला.

४. हजेरी ७५ वरून ९० टक्के झाली. वाढ १५ टक्के की २० टक्के?

१५ टक्केबिंदू, किंवा २० टक्के. दोन टक्केवारींची नुसती वजाबाकी केली की उत्तर टक्केबिंदूंत येतं (९० − ७५ = १५). मूळ आकड्याच्या तुलनेत वाढ काढली की टक्क्यांत येतं (१५ भागिले ७५, म्हणजे २० टक्के). तिसरंही एक खरं उत्तर आहे: गैरहजेरी २५ वरून १० टक्क्यांवर आली, म्हणजे ती ६० टक्क्यांनी घटली.

१५, २०, ६०: तिन्ही खरे, आणि कुठला निवडला यावर मथळा ठरतो. माझा सल्ला असा की हजेरीसाठी टक्केबिंदूच वापरा आणि दोन्ही टोकांचे आकडे सोबत द्या. कोणी फक्त ‘गैरहजेरीत ६० टक्के घट’ एवढंच सांगत असेल, तर मूळ आकडे मागून घ्या.

५. ‘कचरा तिपटीने वाढला’ म्हणजे किती झाला? आणि ‘तिपटीने कमी झाला’ चालेल का?

‘तिप्पट झाला’ लिहा. १० टनांचे ३० झाले, विषय संपला. ‘तिपटीने वाढला’ वाचून काही जण ३० समजतात, तर काटेकोर वाचणारा १० अधिक ३० म्हणजे ४० समजतो. ‘तिपटीने कमी झाला’ हे मात्र अजिबात लिहू नका. एकपटीने कमी झाला तरच शून्य उरतं, तर तिपटीने काय होणार? तिथे ‘एक तृतीयांशावर आला’ म्हणायचं असतं.

६. घटला, घसरला, उतरला, ओसरला, रोडावला… कुठला शब्द कुठे?

‘घटला’ तटस्थ आहे, तो सगळीकडे चालतो. ‘घसरण’ ऐकताच काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. म्हणून हजेरी घसरते, पण कचरा घसरला म्हटलं की कानाला खटकतं. कचरा कमी होणं ही चांगली बातमी आहे. ‘रोडावली’ हे संख्येला शोभतं (विद्यार्थ्यांची संख्या रोडावली), वजनाला नाही. ‘ओसरला’ म्हणायला आधी भर आलेला असावा लागतो.

वेग दाखवणारे शब्द वापरताना कंजुषी करा. ‘झपाट्याने’, ‘लक्षणीय’, ‘प्रचंड’ यांच्याजवळ आकडा नसेल तर ते फुकटचे. ९१.२ वरून ९१.६ टक्के झालेल्या हजेरीला ‘लक्षणीय सुधारणा’ म्हटलेलं मी वाचलं आहे. आणि वाढ थांबली याला ‘घट झाली’ म्हणू नका: रेषा सपाट झाली तर ‘स्थिरावली’, चढाचा कोन कमी झाला तर ‘वाढीचा वेग मंदावला’.

७. ‘घटत गेला’, ‘घटत आला आहे’, ‘घटत चालला आहे’: सगळं एकच ना?

नाही. ‘२०११ ते २०१९ या काळात कचरा घटत गेला’: गोष्ट तिथे संपली, पुढचं माहीत नाही. ‘२०११ पासून कचरा घटत आला आहे’: आजपर्यंत घटतोय, म्हणजे आकडेही आजपर्यंतचे हवेत. ‘घटत चालला आहे’ यात पुढेही घटेल अशी सूचना आहे. २०१९ ला थांबलेल्या आलेखाचं वर्णन ‘चालला आहे’ने केलं, तर आकडे जे सांगत नाहीत ते तुम्ही सांगितलंत.

८. हजेरीची टक्केवारी वाढली म्हणजे जास्त मुलं शाळेत यायला लागली, बरोबर?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा थांबून बघू.

एका वर्गाचा पट ४० आहे. ३६ मुलं रोज येतात, ४ मुलं महिनोन्‌महिने फिरकलेली नाहीत. हजेरी ९० टक्के. मग कोणीतरी त्या चौघांची नावं पटावरून कमी करतं. पट ३६, हजर ३६, हजेरी १०० टक्के. आलेखात सुंदर उभा चढ दिसतो. एकही नवं मूल वर्गात आलेलं नाही. उलट, चार मुलं हिशेबातूनच गेली.

टक्केवारी हा भागाकार आहे आणि तो वरून बदलतो तसा खालूनही बदलतो. वाचकाचं लक्ष नेहमी वरच्या आकड्याकडे असतं, गडबड बहुतेक वेळा छेदात असते. म्हणून हजेरीचा कल लिहिताना पटसंख्येचा कल शेजारी ठेवायचाच: ‘सरासरी हजेरी ९० वरून १०० टक्क्यांवर गेली. याच काळात पट ४० वरून ३६ झाला.’ आरोप करायची गरज नाही, वाचक समजून घेतो. नावं कमी होण्याची कारणं साधीही असतात, जसं की कुटुंब दुसरीकडे गेलं.

९. वर्षाची सरासरी हजेरी काढताना महिन्यांच्या टक्केवारीची सरासरी घेतली तर चालेल?

सगळ्या महिन्यांत शाळा सारखेच दिवस भरली असेल आणि पटही तोच असेल, तरच. समजा पहिल्या महिन्यात शाळा ५ दिवस भरली आणि हजेरी ६० टक्के, दुसऱ्या महिन्यात २५ दिवस आणि ९० टक्के. नुसती सरासरी ७५ टक्के येते. दिवसांचा हिशेब धरला तर ८५ टक्के. बरोबर उत्तर ८५. सर्व मुलांचे हजर दिवस मिळवा आणि त्यांना सर्व मुलांच्या एकूण अपेक्षित दिवसांनी भागा.

१०. सरासरी ९० टक्के चांगली म्हणावी का?

ती कशी बनली आहे त्यावर अवलंबून. २०० दिवसांच्या शालेय वर्षात ९० टक्के म्हणजे प्रत्येकाने सरासरी २० दिवस बुडवले. पण सगळ्यांनी थोडे थोडे बुडवले की दहातला एक जण वर्षभर आलाच नाही, हे सरासरी सांगत नाही. म्हणून अमेरिकेत १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांची वेगळी मोजणी करण्याची पद्धत रूढ आहे.

इंग्लंडमध्येही अशी मोजणी होते. तिथे ही मर्यादा पूर्वी १५ टक्क्यांच्या आसपास होती, ती २०१५-१६ च्या शालेय वर्षापासून १० टक्के झाली. मर्यादा खाली आली की मुलं तीच असूनही ‘सतत गैरहजर’ मुलांची संख्या वाढते. जुने आकडे नव्या व्याख्येने पुन्हा मोजलेले नसतील, तर त्या वर्षी आलेखात उभी रेघ मारा आणि दोन्ही बाजूंचं वर्णन वेगळं करा.

११. कंपनीचा कचरा वाढला, पण उत्पादनही वाढलं. मग काय लिहायचं?

दोन्ही. कचरा १०० टनांवरून ११० टनांवर गेला आणि उत्पादन १,००० नगांवरून १,४०० नगांवर, तर दर नगामागे कचरा १०० किलोवरून सुमारे ७९ किलोवर आला. एकूण १० टक्के वाढ, दर नगामागे सुमारे २१ टक्के घट. कंपनीला दुसरा आकडा आवडतो. कचरा जिथे जाऊन पडतो तिथल्या माणसांसाठी पहिला खरा. यातला एकच छापणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

आणखी एक घोळ: ‘कचरा’ म्हणजे तयार झालेला की टाकून दिलेला? अहवाललेखनासाठी जगभर वापरलं जाणारं ‘जीआरआय ३०६: कचरा २०२०’ हे मानक तीन गोष्टी वेगळ्या मागतं: निर्माण झालेला कचरा, पुनर्वापर किंवा पुनर्चक्रणाकडे वळवलेला कचरा आणि विल्हेवाटीसाठी पाठवलेला कचरा. ‘आमचा कचरा ४० टक्क्यांनी घटला’ यात अनेकदा तिसराच तेवढा घटलेला असतो आणि पहिला जागच्या जागी असतो. घातक आणि साधा कचरा मिळून एकच रेषा काढणंही टाळा. एक टन रद्दी पुठ्ठा आणि एक टन वापरलेलं रसायन यांची बेरीज वजनकाट्यावर होते, अर्थाने होत नाही.

१२. काही महिन्यांचे रकाने कोरे आहेत. तिथे शून्य टाकू का?

नका टाकू. माझी स्वतःची फजिती सांगतो. एका कारखान्याच्या अहवालात मी ‘वर्षाच्या मध्यावर कचऱ्यात मोठी घट’ असं वाक्य झोकात लिहिलं होतं. बैठकीत मागच्या रांगेतून गोदाम सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, “साहेब, तेव्हा काटा बंद होता.” दोन महिने वजनच झालं नव्हतं. वजनपावत्या नव्हत्या म्हणून रकाने कोरे होते, आणि सरासरी काढणाऱ्या माझ्या सूत्राने कोऱ्याला शून्य धरलं होतं. गाड्या मात्र रोज भरून जातच होत्या.

कोरा रकाना म्हणजे ‘माहीत नाही’. आलेखात रेषा तिथे तोडा, मजकुरात ‘या दोन महिन्यांची नोंद नाही’ असं लिहा. हजेरीचंही तेच: सुट्टीच्या दिवशी हजेरी शून्य नसते, तो दिवस मोजणीतच नसतो.

१३. एकच वर्ष एकदम वेगळं आहे. ते वगळलं तर चालेल?

गुपचूप नाही. जुनी इमारत पाडली म्हणून एका वर्षी राडारोडा मिळून कचरा चौपट झाला, तर तो आकडा दाखवा, कारण एका ओळीत सांगा आणि ‘ते वर्ष सोडल्यास’ असं म्हणून उरलेला कल द्या.

२०२० हे असंच वर्ष. युनेस्कोच्या माहितीनुसार त्या वर्षी एप्रिलमध्ये शाळा-महाविद्यालयं बंद झाल्याने जगभरात १५० कोटींहून अधिक विद्यार्थ्यांवर परिणाम झाला होता. २०१९ ते २०२१ या टप्प्यात हजेरी म्हणजे काय हेच बदललं: पडद्यावर नाव दिसणं की वर्गात बसणं? या काळाची तुलना करायचीच असेल, तर २०१९ आणि शाळा नियमित झाल्यानंतरचं पहिलं पूर्ण वर्ष यांची करा. आणि २०२० हा पाया धरून ‘तेव्हापासून मोठी वाढ’ म्हणू नका. नीचांकापासून मोजलं की कशाचीही वाढच दिसते.

१४. आठ वर्षांत ३० टक्के घट, म्हणजे वर्षाला ३.७५ टक्के ना?

साध्या भागाकाराने तेवढे येतात, पण दरवर्षीची टक्केवारी आदल्या वर्षाच्या आकड्यावर लागते. प्रश्न २ मधल्या अ कंपनीचा कचरा १२० वरून ८४ टन झाला. चक्रवाढीच्या हिशेबाने ही घट वर्षाला सुमारे ४.४ टक्के आहे. हे क्लिष्ट वाटलं तर टनांत सांगा: ‘वर्षाला सरासरी ४.५ टन’. ३६ भागिले ८, कोणालाही पडताळता येतं.

याच कारणाने २० टक्के घट आणि नंतर २० टक्के वाढ झाली की आपण मूळ जागी येत नाही: १००, ८०, ९६.

१५. प्राथमिक विभागाची हजेरी वाढली, माध्यमिकचीही वाढली, पण शाळेची घटली. हिशेब चुकला का?

बहुधा नाही. पहिल्या वर्षी प्राथमिकला ३०० मुलं होती आणि हजेरी ९२ टक्के, माध्यमिकला १०० मुलं आणि ८० टक्के. शाळेची हजेरी ८९ टक्के. पुढच्या वर्षी दोन्हीकडे २०० मुलं, हजेरी ९३ आणि ८२ टक्के. शाळेची ८७.५ टक्के. दोन्ही विभाग सुधारले, पण कमी हजेरीच्या विभागात मुलं वाढल्याने एकूण आकडा खाली ओढला गेला. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ मध्ये त्यावर लिहिलं होतं. अशा वेळी तिन्ही आकडे द्या आणि पटातला बदल सांगा (छेदाबद्दल प्रश्न ८ पाहा).

१६. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू व्हायला हवा का?

स्तंभालेखात हो, कारण तिथे डोळा स्तंभाची उंची मोजतो. रेषालेखात सक्ती नाही, कारण तिथे डोळा उतार बघतो. ८५ ते ९५ टक्के एवढाच अक्ष घेतला तर हजेरीतले बारकावे दिसतात. फक्त वर्णन करताना उतार बघून ‘कोसळली’ लिहू नका, अक्षावरचे आकडे वाचून लिहा. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांचे काळानुसार रेषालेख छापले, तेव्हापासून डोळ्याला फसवण्याची ही सोय आहेच.

१७. कारणं लिहायची का?

परीक्षेत नाही. आयईएल्टीएस अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लेखनाच्या पहिल्या भागात किमान १५० शब्द लिहायचे असतात आणि त्यासाठी सुमारे २० मिनिटं सुचवलेली असतात. तिथे आलेखात दिसतं तेवढंच मागितलेलं असतं, तुमचा अंदाज किंवा मत नाही.

अहवालात कारण लिहू शकता, पण वेगळ्या वाक्यात, आणि आधार असेल तरच. ‘नवीन यंत्रामुळे कचरा घटला’ लिहिण्याआधी घट यंत्र येण्यापूर्वी सुरू झाली होती का ते बघा. नसेल तरी ‘यंत्र बसवल्यानंतर घटला’ हे जास्त सुरक्षित. ‘मुळे’ आणि ‘नंतर’ या दोन शब्दांत सगळा फरक आहे.

१८. आमचा उपक्रम शाळेत कचरा कमी करण्याचा आहे. कचरा घटला, हजेरी वाढली. दोन्ही एका आलेखात दाखवू?

डावीकडे किलो आणि उजवीकडे टक्के असे दोन अक्ष घेतले, की प्रमाणं हवी तशी ताणून दोन रेषा कुठेही एकमेकींना छेदून दाखवता येतात. तो छेदबिंदू फक्त चित्रात असतो. वर-खाली असे दोन स्वतंत्र आलेख, काळाचा अक्ष एकच, हे बरं. आणि संबंध सुचवण्याआधी उलटंही तपासा: हजर मुलं वाढली तर डब्यातला कचरा वाढायला हवा. तरीही घटला असेल तर दर हजर विद्यार्थ्यामागे किती ग्रॅम घटला ते काढा. तुमच्या उपक्रमाचं खरं यश त्या आकड्यात दिसेल.

१९. कल पाहून पुढच्या वर्षाचा आकडा सांगता येतो का?

हजेरी सलग तीन वर्षं २ बिंदूंनी वाढून ९८ झाली असेल, तर पट्टी लावून रेष पुढे नेली की दोन वर्षांत १०२ टक्के होते! हजेरीला वर छत आहे, कचऱ्याला खाली जमीन. टोकाजवळ जाताना प्रत्येक पाऊल महाग पडतं. ९० वरून ९५ वर जाणं म्हणजे उरलेली निम्मी गैरहजेरी संपवणं.

२०. अहवाल छापून झाल्यावर जुने आकडे दुरुस्त होऊन आले. आता?

फक्त यंदाचा आकडा बदलून भागत नाही, जुन्या वर्षांनाही तीच दुरुस्ती लागू होते का ते विचारा. होत असेल तर पूर्ण मालिका बदला आणि तक्त्याखाली तारखेसह एक ओळ टाका: कुठली वर्षं बदलली, किती टनांनी, कशामुळे. गेल्या वर्षीच्या छापील अहवालातला आकडा आणि यंदाच्या तक्त्यातला त्याच वर्षाचा आकडा शेजारी ठेवून बघणारा एक तरी वाचक असतोच, आणि त्याचं पत्र बहुधा आमच्याकडे येतं.